खंडेनवमीचा पाट

कोल्हापूर, २८ जुलै २०२४

शैले,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू बोललेलं मला ऐकू येत नाही आणि मी बोललेलं तू ऐकून घेत नाहीस, तेव्हा आता लिहिणंच बरं. कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून एकेक अक्षर टाइप करतोय. चुका झाल्या तर शाळेतला बाईपणा करून लाल शाईनं दुरुस्त करून पाठवू नकोस.

काम असं आहे. नवरात्रात आमच्या शिरोलीच्या उद्योजक मंडळाची व्याख्यानमाला असते. यंदा एक दिवस माझ्या गळ्यात पडलाय. विषय मी निवडलाय सायलस वेदरबी, अमेरिकेतला जुना तेलसम्राट. खिशात दमडी नसताना निघालेला माणूस चाळिशीपर्यंत अर्ध्या अमेरिकेच्या कंदिलांत स्वतःचं तेल जाळत होता. आमच्या मंडळातल्या पोरांना हे ऐकवलंच पाहिजे. तू जन्मभर इतिहास शिकवलास, आता जर्मनीत मुलाकडे आरामात आहेस, आणि तिकडे ग्रंथालयं चांगली असतात म्हणे. त्याचं चरित्र मिळव आणि मला थोडं थोडं लिहून पाठव. स्तुती पाठव, शिव्याही पाठव.

बाकी ठीक. पुण्याची एक कंपनी आमच्या गल्लीतले कारखाने विकत घेत फिरते आहे. शेजारचा यशोधन, आपल्या बापूरावांचा मुलगा, रोज येऊन विचारतो, ‘काका, फौंड्री देऊन टाकू का?’ बाप गेल्यापासून तो मला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही. त्याला काय सांगावं ते मला सुचत नाही.

‘शैला इंजिनिअरिंग’चा बोर्ड पावसानं फिका पडलाय. आप्पांनी कारखान्याला तुझं नाव दिलं तेव्हा तू बोबडं बोलत होतीस. दसऱ्याला नवा रंग देणार आहे.

तुझा बहिरा
दादा


बाड हॉम्बुर्ग, ६ ऑगस्ट

दादा,

तुझा तेलसम्राट माझ्या घराजवळ राहून गेलाय! इथल्या ग्रंथालयातल्या बाईंनी फ्रँकफर्टहून एक जाडजूड इंग्रजी चरित्र मागवून दिलं. त्यात लिहिलंय की म्हातारपणी पोट बिघडलं म्हणून वेदरबी इथलं पाणी प्यायला आला होता. मी रोज कुरपार्कात फिरायला जाते, तिथेच ते खारट झरे आहेत. मी एकदा चव घेतली, लोखंड चाटल्यासारखं लागतं. हा म्हणे रोज पेला घेऊन बाकावर बसायचा आणि शेजारी येईल त्याला विचारायचा, ‘तुमच्या गावात दिवे कशावर जळतात?’ पोटात कळा येत असताना माणसाला हे सुचतं म्हणजे कमालच की नाही?

बाप फिरता घड्याळदुरुस्तीवाला, महिनोन्महिने घराबाहेर. आई शिवणकाम करायची. पोरगा दारोदार दिव्याच्या वाती विकायचा, आणि कुणाकडे दिवा किती उशिरापर्यंत जळतो ते लक्षात ठेवायचा. दारू नाही, तंबाखू नाही, दर रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना गोष्टी सांगणार. गाडीत सांडलेलं तेल स्पंजनं टिपून परत पिंपात पिळणारा. हे वाचताना तू डोळ्यांपुढे आलास. खाली पडलेला नट उचलून कपाळाला लावतोस ना, तसाच. आणि कधीही आवाज चढवला नाही म्हणे. मला मात्र तो अजून आवडलेला नाही.

इथे सूनबाईंची, शमिकाची, ऑफिसची धावपळ चालू आहे. अनय होमऑफिसच्या नावाखाली खोलीचं दार लावून बसतो. जूनमध्ये दोन आठवडे येनाला कामाला गेला होता, तेव्हापासून फारच गप्प झालाय. नातीशी, ओवीशी, मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आम्हां दोघींना सगळं कळतं.

यशोधनला सांग, देऊ नकोस म्हणावं. बापूरावांनी भट्टीच्या धगीत आयुष्य काढलंय. आणि तुला विचारलं का रे त्यांनी? आप्पांच्या कारखान्याला कुणी हात लावला तर मी मिळेल त्या विमानानं येऊन बसेन, सांगून ठेवते.

शैला


कोल्हापूर, २० ऑगस्ट

शैले,

राखी वेळेवर पोचली. तुझ्या वहिनीनं, ऊर्मिलेनं बांधली, तुझ्या वतीनं कानही धरला. 

वेदरबीचा स्पंज मला फार आवडला. तो किस्सा मी मंडळात आधीच सांगून टाकला. आता भाषणाला दुसरा लागेल, तेव्हा हात आखडता घेऊ नकोस.

मला कोण विचारतंय? माझी यंत्रं माझ्याएवढीच म्हातारी झाली आहेत. गल्लीतला हीट ट्रीटमेंटवाला गेला, साचे बनवणारा गेला, दोघांनीही पुण्याच्या त्या कंपनीला विकलं. आता माझं काम त्यांच्याकडे रांगेत शेवटी लागतं. पंपाच्या बॉड्या तयार असून गिऱ्हाइकाला वेळेवर देता येत नाहीत. पण त्यात रागावण्यासारखं काय? धंदा आहे. ज्याच्या हातात नळ, त्यानं आधी स्वतःची बादली भरायची. वेदरबीनं तेच केलं असेल.

अनयला सांग, मामा मजेत आहे, त्यानं काळजी करू नये. पोरगं लहानपणापासून हळवं. सुट्टीत इथे आलं की लेथवरून निघालेल्या कुरळ्या पत्र्याच्या पट्ट्या खिशात भरून न्यायचं आणि बोट कापलं तरी रडायचं नाही.

दादा


बाड हॉम्बुर्ग, १ सप्टेंबर

दादा,

आता नीट बसून वाच, कारण मी नीट बसून लिहिते आहे.

वेदरबीनं आधी तेलाला हातच लावला नाही. त्यानं पिंपांच्या लाकडाला हात घातला. ओकची रानं घेतली, मग पिंपं बनवणारे सुतार एकेक करून आपल्याकडे ओढले. बाकीच्यांच्या टाक्या तेलानं भरलेल्या, पण भरायला पिंप मिळेना. मग रेल्वेशी गुपचूप ठरवलं. याच्या मालाला भाडं कमी, इतरांच्या मालाला जास्त, आणि त्या जास्तीतलाही वाटा याच्या खिशात. एवढं झाल्यावर तो एकेका कारखानदाराला घरी बोलवायचा. स्वतःच्या हातानं गरम दूध द्यायचा आणि समजावून सांगायचा, ‘मी इतक्या स्वस्तात तेल काढतो. तुम्ही किती दिवस टिकाल, तुम्हीच सांगा.’ धमकी नाही, शिवी नाही. माणूस दूध पिऊन बाहेर यायचा तो कारखाना विकूनच.

पिंप आणि रेल्वे, दादा. हीट ट्रीटमेंट आणि साचे. तुझंच मागचं पत्र काढून वाच. हे तुला कळत नाही असं मी मानणार नाही, नटाचा आटा बोटानं ओळखणारा माणूस तू.

काल जेवताना मी हे सगळं सांगितलं. अनयनं चमचा खाली ठेवला. म्हणाला, ‘मामा काय म्हणाला?’ मी म्हटलं, मामा मजेत आहे म्हणतो, काळजी करू नको म्हणतो. तो फोन आल्यासारखं करून उठून गेला. शमिका म्हणाली, ‘आई, जेवताना त्याच्या कामाचा विषय नको ना.’ त्याच्या कामाचा विषय मी काढलाच नव्हता. मी तर शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाबद्दल बोलत होते.

त्या पुण्याच्या कंपनीचं नाव काय? मला आजच कळव.

शैला


कोल्हापूर, ९ सप्टेंबर

शैला,

गणपती बसले. घरात पाहुणे आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो.

यशोधननं द्यायचं ठरवत आणलंय. दसऱ्याच्या मुहूर्तावर सही करणार म्हणतो. मला विचारलंन, मी सांगितलं, भाव बरा आहे. त्याला धाकटी बहीण उजवायची आहे, डोक्याला ताप कशाला हवा? कंपनीचं नाव तुला कशाला पाहिजे? नावात काय ठेवलंय.

तू मला वेदरबीपुरतं लिही. भाषणात त्याचं दूध घेतलंय, लोकांना हसू येईल. आमच्या गल्लीचं आम्ही बघू.

पद्माकर


बाड हॉम्बुर्ग, १६ सप्टेंबर

दादा,

‘पद्माकर’ अशी सही तू मला जन्मात पहिल्यांदा केलीस. चिडला असशील तर चीड. वेदरबीपुरतं लिही म्हणालास, तेवढंच लिहिते.

चरित्रात एफ्रेम नावाचा माणूस आहे. वेदरबीचा जुना मित्र, दोघं चर्चमध्ये शेजारी उभे राहून गायचे. त्याचाही छोटा तेलाचा कारखाना होता आणि गावात शब्दाला वजन होतं. वेदरबीनं तो विकत घेतला, पण अट घातली की कुणाला कळता कामा नये. पाटी तीच, नाव तेच, एफ्रेमनं रोज सकाळी मालकासारखं येऊन गल्ल्यावर बसायचं. घरात बायकोलाही सांगायचं नाही. आणि इतर कारखानदार सल्ला विचारायला आले, की मोठ्या भावासारखं सांगायचं, ‘देऊन टाका, भाव बरा आहे.’ असे कितीतरी एफ्रेम त्यानं पेरून ठेवले होते. लोक ज्याला आपला समजून विचारायचे, तो त्याचाच असायचा.

एफ्रेमची बायको दर वसंतात शिडी लावून पाटीवरचं नवऱ्याचं नाव रंगवायची. नवरा मेल्यावर तिला कळलं की ती इतकी वर्षं वेदरबीची पाटी रंगवत होती. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि कुरपार्कात जाऊन बसून राहिले. मला रडू आलं, ते अमेरिकेतल्या त्या बाईसाठी नव्हतं.

काल ओवीला म्हटलं, पपा येनाहून येताना तुला काय घेऊन आला होता गं? ती म्हणाली, ‘पपा वार गार निष्ट इन येना. एअर वार इन कोल्हापूर.’ येनाला नव्हताच, कोल्हापूरला होता. तिच्यासाठी चिक्की आणली होती, आणि आजीला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. मुलगी लगेच रडवेली झाली. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, तू काही सांगितलंच नाहीस.

माझा मुलगा तुझ्या घरी येऊन जेवून गेला आणि तुम्ही दोघांनी ते माझ्यापासून लपवलं. अनयची कंपनी पंप बनवते आणि तो तिथे आइनकाउफला आहे, म्हणजे खरेदीला. मी आजवर समजत होते की तो नटबोल्ट खरेदी करतो.

दादा, तू सही केली आहेस का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

शैला


कोल्हापूर, २१ सप्टेंबर

शैले,

भाषणाचा मसुदा सोबत जोडला आहे. वाती, स्पंज, पिंपं, रेल्वे, दूध, सगळं घेतलं आहे. शेवटी त्यानं बांधलेली ग्रंथालयं आणि दवाखाने घेतले आहेत. एफ्रेम घेतला नाही. वेळेत बसत नाही.

तू विचारलंस त्यावर मला काही लिहिता येणार नाही. येणार नाही, म्हणजे येणार नाही. एवढ्यावर समजून घे.

बोर्डासाठी निळा रंग आणून ठेवला आहे. ऊर्मिला म्हणते, यंदा अक्षरं मोठी काढू.

दादा


बाड हॉम्बुर्ग, ३० सप्टेंबर

दादा,

समजले. काल रविवारी दुपारी शमिका ओवीला पोहायला घेऊन गेली, तेव्हा अनयला स्वयंपाकघरात समोर बसवलं. त्याला म्हटलं, मी विचारणार नाही, मीच सांगते, तू फक्त चुकलं तर चुकलं म्हण. आणि एफ्रेमची गोष्ट सांगितली. त्यानं एकदाही ‘चुकलं’ म्हटलं नाही.

मग बोलायला लागला. ‘पुण्याची कंपनी आमचीच आहे, आई. मामा गल्लीत सगळ्यात मानाचा, म्हणून तो आधी हवा होता. आल्झो, म्हणजे मीच म्हटलं मी जातो, परका कुणी गेला असता तर मामाला जास्त लागलं असतं.’

मी म्हटलं, ‘वा! म्हणजे मामाला कमी लागावं म्हणून तू सुरी घेऊन गेलास!’

‘ऐकून तरी घे. मी पहिला मसुदा मुद्दाम कडक ठेवला होता. इथे तसंच करतात. समोरचा तोडतो, आपण सोडतो, मग मधे कुठेतरी ठरतं. गुप्ततेचं कलम, शेजाऱ्यांना तयार करायचं कलम, मला वाटलं मामा लाल पेन घेऊन ते सगळं उडवील. मी ते सोडणारच होतो. त्यानं न वाचता सही केली! जशीच्या तशी! म्हणाला, मामानं भाच्याशी घासाघीस करायची असते का? आणि वर मला धोतरजोडी दिली, मामीनं ओवाळलं. मी काय करणार होतो? सही झालेला कागद ऑफिसात गेला, तो माझ्या हातात राहिला नाही.’

दादा, मी तुला किती शिव्या घातल्या ते इथे लिहीत नाही. भाच्याचा मान ठेवायचा तो जेवणाच्या पानावर ठेवायचा रे, करारावर नाही! तुम्ही दोघं एकमेकांवर इतकी माया करत बसलात की आप्पांचा कारखाना त्यात गेला. त्यानं तोडायला ठेवलेलं तू तोडलं नाहीस, आणि तू तोडत नाहीस हे बघून त्याला परत घ्यायची लाज वाटली.

मी म्हटलं, यशोधनला तरी सांगू या. तो म्हणाला, नको. शेजाऱ्यांच्या सह्या होण्याआधी मामानं कुणाला एका शब्दानंही सांगितलं, तर कारखाना बंद करून यंत्रं हलवायची मुभा कंपनीला आहे. तोंड बंद ठेवलं तर सगळ्या कामगारांना निवृत्तीपर्यंत काम. म्हणजे यशोधनला वाचवायचं तर तुझी माणसं रस्त्यावर, आणि तुझी माणसं राखायची तर बापूरावांचा मुलगा तुझ्या भरवशावर सही करून मोकळा. ‘गेनाऊ, अगदी तसंच,’ म्हणाला, आणि तोंड झाकून बसला. त्याला बघून मला त्याची दया आली आणि थोबाडीत मारावीशीही वाटली.

मी तुला काय सांगू? सांग असं म्हणवत नाही, सांगू नको असंही म्हणवत नाही. मी यशोधनला कळवणार होते, फोन हातात घेऊन खाली ठेवला. तुझ्या कामगारांची तोंडं आठवली. दसरा जवळ आला आहे. तू आणि वहिनी दरवर्षीसारखे पूजेला बसाल, यशोधन प्रसादाला येईल आणि दुसऱ्या दिवशी सही करेल. हे सारखं डोळ्यांपुढे येतंय.

शैला


कोल्हापूर, १४ ऑक्टोबर

शैले,

खंडेनवमी झाली, दसराही झाला. मधे तुला लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते मलाच माहीत नव्हतं.

भाषण बरं झालं. लोक दुधाला हसले. शेवटी एकानं विचारलं, ‘सर, वेदरबी चांगला की वाईट?’ मी म्हटलं, ते त्याच्या शेजाऱ्यांना विचारायला हवं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत यशोधन होता, त्यानंही वाजवल्या. घरी येऊन मी शर्ट न काढताच खुर्चीत बसून राहिलो.

खंडेनवमीच्या सकाळी कारखाना धुऊन काढला. बोर्डाला रंग मात्र लावला नाही, निळा डबा तसाच बंद आहे. सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा, आप्पांच्या जुन्या लेथला मोठा हार. कामावरची पोरं नवे कपडे घालून आली. यशोधन आणि त्याची आई नेहमीसारखी लवकर आली. लेथपुढे दोन पाट मांडले, रांगोळी काढली. ऊर्मिला पैठणी नेसून तिच्या पाटावर बसलीसुद्धा. गुरुजींनी पंचपात्र भरलं आणि म्हणाले, ‘या, यजमान.’

मी चपला काढल्या, हातपाय धुतले, पाटाजवळ गेलो आणि उभा राहिलो.

शैले, मी काही ठरवून गेलो नव्हतो, तुझी शपथ. त्या पुण्याच्या लोकांपुढे मी हसून बोललोय. यशोधनला ‘भाव बरा आहे’ म्हणालोय. तुला सरळसरळ खोटं लिहिलंय. सगळं जमलं. पण तिथे बसून पाणी सोडायचं, गोत्र सांगायचं, नाव सांगायचं आणि म्हणायचं की ही यंत्रं माझी, मी यांची पूजा करतो. ते होईना. आप्पांचा लेथ समोर होता.

गुरुजी म्हणाले, ‘बसा, मुहूर्त जातोय.’ मी उभाच. त्यांना वाटलं गुडघा धरलाय, म्हणाले, ‘खुर्ची आणा मालकांना.’ एका पोरानं खुर्ची आणली. मी तिच्यावरही बसलो नाही. मग सगळा कारखाना गप्प झाला. मला ऐकू कमी येतं, पण ते गप्प होणं मला ऐकू आलं.

ऊर्मिलेनं वर माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर सावरून तीही पाटावरून उठली. गुरुजी जुने, त्यांनी एकदा दोन्ही पाटांकडे पाहिलं, यजमानाच्या पाटावर एक सुपारी ठेवली आणि पूजा सुरू केली. आरती झाली, पेढे वाटले. यशोधन पेढा हातात धरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या आईनं डोळे टिपले, आणि दोघं निघून गेले.

दुपारी घरी ऊर्मिला म्हणाली, ‘मला सांगता आलं नाही?’ मी म्हटलं, नाही. ‘आणि देवाला बरं सांगता आलं!’ असं म्हणून तिनं माझं ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही. अजून नीट बोलत नाही. तुला फोन करेल, तिचं ऐकून घे.

दसऱ्याला यशोधन सोनं घेऊन आला. आपट्याची पानं हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘काका, मी सही करत नाही. भट्टी चालेल तोवर चालवीन.’ मी त्याला का म्हणून विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

मी लिहून दिलं होतं की एक शब्द बोलणार नाही. मी बोललो नाही. पण पुण्याच्या कंपनीचा माणूस काल येऊन पोरांना प्रश्न विचारून गेला. आता काय होईल ते कळत नाही. पोरांच्या पोटावर पाय आला तर तो माझ्यामुळे. भीती वाटते, शैले. आणि अनयच्या नोकरीचं काय? त्याला म्हणावं, मामाला माफ कर.

दादा


बाड हॉम्बुर्ग, २७ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मी अनयला मोठ्यानं वाचून दाखवलं. खुर्चीपर्यंत आले आणि कागद त्याच्या हातात दिला, पुढचं त्यानंच वाचलं. ‘मामाला माफ कर’ या ओळीला उठून बाल्कनीत गेला. आत आला तेव्हा डोळे लाल होते.

वहिनीशी बोलले. ती तुझ्यावर चिडली आहे ती पाटावरून उठवलंस म्हणून नाही, एकट्यानं ओझं वाहिलंस म्हणून. दोन दिवस वरण अळणी मिळालं तर मुकाट्यानं खा.

आता मुख्य गोष्ट. परवा अनयला फ्रँकफर्टच्या ऑफिसात वकिलांपुढे बसवलं. मामानं गुप्ततेचा भंग केला का, कुणाला काय सांगितलं, कधी सांगितलं. पुण्याच्या माणसानं कारखान्यातल्या प्रत्येकाला विचारलं होतं आणि प्रत्येकानं एकच सांगितलं होतं, साहेब काही बोलले नाहीत. वकिलानं अनयला विचारलं, मग त्या दिवशी नेमकं घडलं काय? अनय म्हणाला, ‘एक वयस्कर माणूस पूजेला बसला नाही. न बसण्याचं कलम करारात नाही.’ त्या लोकांनी कागद पुन्हा पुन्हा चाळले. पाट म्हणजे काय, यजमान म्हणजे काय, तासभर विचारत होते. अनयनं सगळं खरं सांगितलं, फक्त त्याचा अर्थ कारखान्यातल्या सगळ्यांना का कळला, एवढं त्यांना समजावलं नाही. शेवटी भंग झालेला नाही असं लिहिलं गेलं. तुझी पोरं कामावर राहतील, दादा. तशी चिठ्ठी आली आहे.

अनयला खरेदीवरून काढलं. पहिल्या तारखेपासून येनाच्या ऑफिसात, छोट्या जागेवर. या वेळी खरोखरच येनाला. शमिका थोडी रडली, मग घर शोधायला लागली. ओवी शाळेवरून भांडते आहे. मला आईचं काळीज आहे, मला वाईट वाटतं. पण गेले काही दिवस तो दार उघडं ठेवून काम करतो.

कारखाना गेला तो गेलाच. ते मला रोज सकाळी नव्यानं आठवतं आणि रोज तितकंच लागतं. तुझ्यावरचा रागही अजून पुरता गेलेला नाही, संक्रांतीपर्यंत पुरवून वापरीन. वेदरबीचं पुस्तक ग्रंथालयात परत करून आले.

राहिला बोर्ड. मी लिहिणार होते की माझं नाव उतरवून ठेव, मला त्यांच्या दारावर टांगून घ्यायचं नाही. अनय शेजारी भांडी पुसत उभा होता, त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, ‘तसं नको करू देऊस. बोर्ड उतरवायचा नाही असं कलम आहे.’ तो ताट पुसत राहिला, पुसून झालेलं पुन्हा पुसलं, आणि मग म्हणाला, ‘पण आई, मामाला लिही. तो रंगवायलाच पाहिजे, असं कुठेच लिहिलेलं नाही.’

तेव्हा तो निळा रंग दुकानात परत करून ये.

तुझी
शैला